आपत्तीचे नकाशे आणि गावकुसाबाहेरचा माणूस

नकाशासारख्या रुक्ष विषयाची चर्चा दलित साहित्याच्या आणि विचाराच्या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. कथा, कविता, आत्मकथन यांची संहिता वाचणे आणि ती विद्यार्थ्यांना वाचायला लावणे हे माझे काम. गेल्या काही वर्षांत माझी खात्री होत गेली आहे की नकाशा हीदेखील एक संहिता आहे. तिला लेखक असतो आणि त्या लेखकाला वर्ग असतो, जात असते. काय लिहायचे, काय गाळायचे, कोणाला ठळक नाव द्यायचे आणि कोणाला नुसता ठिपका, याचे निर्णय त्या लेखकाने घेतलेले असतात. कथाकाराला आपण बांधिलकीचा जाब विचारतो. मग ज्या नकाशाच्या आधारे पुरात होडी कोणत्या दिशेने जायची ते ठरते, त्याच्या कर्त्याला तो का विचारू नये? प्रस्तुत लेख म्हणजे या संहितेची समीक्षा आहे.

१

हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नरसी नामदेव हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून त्याची ख्याती महाराष्ट्रात आहे, तशी पंजाबातही आहे. पंढरपूरची आषाढी करून परतणारा वारकरी आषाढ वद्य एकादशीला इथे येतो. तिला परतवारी म्हणतात. ऐन पावसाळ्यातला हा मेळा. एका बाजूला प्रचंड गर्दी आणि दुसऱ्या बाजूला केव्हाही भरून वाहू शकणारी नदी असे हे ठिकाण आहे. आपत्तीची पूर्वतयारी म्हणजे काय हे समजून घ्यायला मराठवाड्यात याहून योग्य जागा क्वचितच सापडेल.

त्यात भूकंपाची भर पडली. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणी या भागाला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि दहा-बारा मिनिटांत त्यामागून ३.६ चा दुसरा. १० जुलै २०२४ रोजी सकाळी पुन्हा ४.५ चा धक्का आला. या वेळी केंद्रबिंदू म्हणून कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांड्याचे नाव सांगितले गेले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरातील लोक तर कित्येक वर्षे जमिनीतून येणारे आवाज ऐकत आहेत. एरवी एखाद्या तांड्याचे नाव राज्यभरच्या बातम्यांत कधी येते? त्याच्या खालची जमीन हलली म्हणजे येते. त्याच्या वरची माणसे कशी जगतात यासाठी ते येत नाही.

मार्चच्या धक्क्यानंतर त्या उन्हाळ्यात एका कार्यशाळेला मी गेलो. आपत्ती व्यवस्थापनात जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, कशी वापरतात हे तेथे दाखवले गेले. पडद्यावर आमचा मुलूख आला. कयाधू निळी, रस्ते पिवळे, देवळे, शाळा, बँका आणि दवाखाने यांच्या खुणा. व्याख्यात्याने एक कळ दाबली की नद्यांचा थर येई, दुसरी दाबली की लोकसंख्येचा. मी माझे गाव शोधले. ते सापडले. मग मी आमची वस्ती शोधली. तिथे हिरवट करडा रंग होता. त्या रंगाचा अर्थ बाजूच्या सूचीत दिला होता : पडीक व गायरान.

त्या पडीकात माझा जन्म झाला. तिथून मी पदवीपर्यंत गेलो, आमच्या घरातला पहिलाच. पण हे दुःख वैयक्तिक म्हणून सांगत नाही. पूर आला तर त्या नकाशावरून निघालेली होडी कोणाकडे जाईल, एवढाच माझा प्रश्न आहे.

२

प्रथम या तंत्राला त्याचे श्रेय दिले पाहिजे. विज्ञानाला शिव्या देऊन आपला प्रश्न सुटत नाही. ज्याला शतकानुशतके पोथीने मारले त्याने मोजमापाचा द्वेष करणे आत्मघातकी आहे.

जीआयएस म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद, असे समजावे. एका कागदावर नद्या, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर घरे, चौथ्यावर जमिनीची उंची. सगळे एकावर एक ठेवले म्हणजे नदी इतकी चढली तर कोणती घरे बुडतील, कोणता रस्ता तुटेल आणि कोणती शाळा उंचावर राहील हे आधीच सांगता येते. हीच पूर्वतयारी. पूर आल्यावर रडार असलेला उपग्रह रात्री आणि ढगांतूनही पाणी कोठपर्यंत पसरले ते पाहू शकतो. महाराष्ट्रात नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून उपग्रहचित्रांचे काम करीत आहे. इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून सर्वांना खुले आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करणे आणि त्यात धोक्याची ठिकाणे दाखवणे बंधनकारक केले. ही साधने क्षुल्लक नाहीत.

आता यातली मेख पाहू. कोणालाही फुकट मिळणाऱ्या युरोपीय सेंटिनेल उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे सुमारे १०७६ चौरस फूट. आपल्या मोजणीतला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. थोडक्यात, उपग्रहाचा सर्वांत लहान ठिपका म्हणजे जवळजवळ एक गुंठा. ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही त्याचे घर या ठिपक्याच्या पोटात विरघळून जाते. पत्रे, पाचट, बाभूळ आणि उकिरडा यांचा मिळून एकच सरासरी रंग होतो. याहून बारीक चित्रे आहेत, ड्रोनची तर फारच बारीक असतात. पण ती कोणत्या जागेची घ्यायची हे ठरवणारा माणूस उपग्रहात बसलेला नसतो. तो कचेरीत बसलेला असतो.

दुसरी गोष्ट उंचीची. २००० साली अमेरिकी अंतराळयानाने रडारने मोजलेली पृथ्वीची उंची आजही अनेक पूर-नकाशांचा पाया आहे. तिच्यात दर ३० मीटरला एक आकडा असतो आणि त्या आकड्यात काही मीटरची चूक असू शकते. आता आपल्या गावांची ठेवण आठवा. पांढरीवर गावठाण, उतारावर वस्ती. दोहोंत कधी पुरुषभर, कधी दीड पुरुषाचा फरक. एवढा फरक त्या मोजमापाच्या चुकीतच बुडून जातो. उपग्रहाला पाटलाचा वाडा आणि आमची वस्ती एकाच पातळीवर दिसतात. ही एक प्रकारची समता म्हणायची! पण पुराला हा फरक नेमका दिसतो आणि तो आधी आमच्याकडे येतो.

तिसरी गोष्ट रेषांची. जलसंपदा खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. शास्त्र म्हणून हे योग्यच आहे. पण निळ्या रेषेच्या आत कोण राहतो, का राहतो, त्याला तिथे कोणी बसवले, हे ती रेषा सांगत नाही. निळा रंग आपल्या निशाणाचा. याच रंगाची रेषा आपल्या घरावरून गेली की आपण एका रात्रीत बेकायदा ठरतो, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे.

३

खालच्या अंगाला आम्ही आपखुशीने गेलो नाही. वारा गावाकडून आमच्याकडे वाहावा, आमच्या अंगावरचा नको. पाणी गावातून आमच्याकडे यावे, आमचे त्यांच्याकडे नको. या विटाळाच्या भूगोलाने आमच्या वस्तीची जागा ठरवली. आज आपत्तीशास्त्र ज्याला धोक्याचे क्षेत्र म्हणते ते पुष्कळ ठिकाणी विटाळाचेच क्षेत्र आहे. हा योगायोग नाही, इतिहास आहे. आपत्तीचा नकाशा काढताना जातीचा थर टाळला तर बाकीचे सगळे थर अचूक असूनही नकाशा खोटा पडतो.

यातली क्रूर थट्टा अशी की, ज्याला नकाशात जागा नाही तोच एके काळी गावाचा नकाशा होता. गावाची शीव कोठून कोठे, कोणता दगड कोणाच्या बांधाचा, ओढा पूर्वी कसा वाहायचा हे महाराला ठाऊक असे. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची मानली जाई. माझा आजा येसकर होता. मोजणीदार आला की त्याला बोलावणे येई. तो साखळी ओढायचा, दगड दाखवायचा आणि दिवसभर उन्हात उभा राहायचा. मोजणीदार त्याच्या बोटाकडे पाहून रेघ ओढायचा. त्या कागदावर पाटलाची विहीर आली, मारुती आला, चिंचेचे बन आले. आज्याची झोपडी आली नाही. बोट दाखवणारा रेघेच्या बाहेर राहिला. आजच्या नकाशातले अनेक थर अशा जुन्या कागदांवरूनच उतरवले गेले आहेत. यंत्र नवे असले तरी त्याला शिवलेले डोळे जुने आहेत.

हे केवळ आमच्या भागाचे गाऱ्हाणे नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण या आदिवासी गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याची बातमी बाहेरच्या जगाला कोणा उपग्रहाने दिली नाही. रोजच्या फेरीवर आलेल्या एस. टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, म्हणून ती कळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडी या ठाकर वाडीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच विधानसभेत सांगितले. त्याच वर्षी फेब्रुवारीत इस्रोने देशाचा भूस्खलनाचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला होता. हजारो दरडींची नोंद त्यात आहे. म्हणजे ज्ञान नव्हते असे नाही. ज्ञान आणि वाडी यांच्यामध्ये जो चढ होता, जिथे धड रस्ताही गेला नव्हता, तो चढ कोणी चढला नाही.

किल्लारीचा दाखला याहून गुंतागुंतीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे मेली. मारले ते जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. कुडाचे हलके छप्पर अंगावर पडले तरी माणूस वाचण्याचा संभव अधिक असतो. तेव्हा प्रत्येक आपत्ती गरिबालाच आधी मारते, असे सरधोपट विधान मी करणार नाही. भूकंपाने जात पाहिली नाही. पण पुनर्वसनाने जमीन पाहिली. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी बसवली गेली. त्यांत घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवर ठरला. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४०० आणि मोठ्या जमीनवाल्यांना ७५०. सारे गाव भुईसपाट झाले होते. कोरा कागद समोर होता. त्या कोऱ्या कागदावर समता लिहिण्याची संधी इतिहासाने क्वचितच दिली असेल. त्यावर जुनीच उतरंड नव्या चौरस फुटांत लिहिली गेली. उपग्रहाच्या एका ठिपक्यात अशी भूमिहीनांची चार घरे मावतात.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ६१ सांगते की भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. कलम चांगले आहे. पण मदत वाटण्याच्या वेळी भेदभाव करण्याची गरजच उरत नाही, जर नकाशा काढतानाच तो झालेला असेल. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हेच घडले. होडी आणि जाळे गमावलेला बाधित ठरला. त्याच किनाऱ्यावर मजुरी करणाऱ्या दलिताची होडी नव्हती, म्हणून त्याचे काही गेलेच नाही असे मानले गेले. जो आधी नोंदला गेला नाही त्याचे नुकसानही नोंदले जात नाही.

४

मग वस्तीची नोंद कोठे आहे? माझे उत्तर काहींना अतिशयोक्त वाटेल. ती आपल्या आत्मकथनांत आहे.

दलित आत्मकथनांची समीक्षा आपण वेदना, विद्रोह आणि नकार या शब्दांत पुष्कळ केली. ती आवश्यकही होती. पण या पुस्तकांत आणखी एक गोष्ट शिगोशीग भरलेली आहे. वस्ती गावापासून किती अंतरावर, पाणवठा कोणाचा, पावसाळ्यात वाट कोणती बंद होते, भिंत मातीची की कुडाची, घरात माणसे किती आणि निजायला जागा किती, हे सर्व तिथे आहे. प्रस्थापित समीक्षकांनी याला तपशिलांचा सोस म्हटले. मी याला पाहणी म्हणतो. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) गावच्या महारवाड्याचा आणि मुंबईतल्या कावाखान्याचा असा दुहेरी नकाशा आहे. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मधून आमचा मराठवाडा कळतो. माधव कोंडविलकरांच्या पुस्तकाचे तर नावच एक पत्ता आहे : ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’. ज्याला पत्ता नाकारला गेला तो पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पत्ता लिहितो, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) याच्या पुढचा प्रश्न विचारते. ज्याचे घर गाढवाच्या पाठीवर आहे त्याला नकाशात कोठे दाखवणार? मोजणीच्या दिवशी तो एका गावात असतो आणि पुराच्या रात्री दुसऱ्या.

शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’ मध्ये विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग आहे. प्रेत काढायला त्यांच्या वडिलांनाच खाली उतरावे लागते. ज्याला आज आपत्ती प्रतिसाद असे भारदस्त नाव आहे, तो या देशात शतकानुशतके कोणी केला? मेलेले ढोर कोणी ओढले, सांगावा घेऊन रात्री-अपरात्री कोण गेले, प्रेत कोणी राखले? त्याची मजुरी नव्हती आणि त्याची नोंदही नव्हती. प्रतिसाद देणारा तो, पण पूर्वतयारीच्या आराखड्यात त्याची वस्ती नाही, असा हा व्यवहार आहे.

इथे माझा आपल्याच लेखकांशी एक वाद आहे. पहिल्या पिढीने वस्ती शब्दांत मोजली. त्यानंतर आम्ही शिकलो, शहरात गेलो आणि वस्ती आमच्या लेखनात आठवण झाली, प्रतीक झाली. प्रतीकाला पूर लागत नाही. आमच्यापैकी किती जणांना आज आपल्या वस्तीत कोणत्या घरापर्यंत पाणी येते ते सांगता येईल? मला सांगता येत नव्हते.

५

म्हणून त्याच उन्हाळ्यात मी काही विद्यार्थ्यांना घेऊन नरसीहून कयाधूच्या कडेकडेने एका गावात गेलो. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. कारण पुढे स्पष्ट होईल. मुलांच्या हातात मोबाईल होते. घरासमोर उभे राहायचे, जागेची खूण करायची, घरातली माणसे, म्हातारी, आजारी आणि पोटुशी यांची नोंद घ्यायची, आणि पूर्वी पाणी कोठवर आले होते ते विचारायचे. दोन दिवसांत वस्तीचा नकाशा तयार झाला. सरकारी नकाशावरच्या करड्या रंगात घरे उगवली.

मुलांनी तो उत्साहाने एका म्हातारीला दाखवला. तिने विचारले,

“हे पाणी कुठून दावलंय?”

“नदीकडून, मावशी,” मी म्हणालो.

“नदीकून न्हाई येत लेकरा. आधी वढ्याकून येतं, मागून. नदी फुगली की वढा मागं फिरतो. आमी नदीकडं बघत बसतो आन पाणी पाठीमागून चुलीत येतं.”

नदीला पूर आला की तिला मिळणारा ओढा तुंबतो आणि त्याचे पाणी उलटे चढते, ही गोष्ट जलशास्त्राला माहीत आहे. पण आमच्या नकाशात ओढाच नव्हता. तिने काठीने मातीत रेघ ओढली आणि आम्ही ती उतरवून घेतली. माझा आजा असाच रेघ दाखवायचा. फरक इतकाच की या वेळी रेघ उतरवणारा त्याच घरातला होता.

१८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने मृतांची घरे नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटवरचा पाण्याचा पंप दोषी ठरवला, हे प्रसिद्ध आहे. त्या नकाशाचे कौतुक सगळे करतात. पण तो माणूस दारोदार फिरला होता, हे विसरतात. आधी पायपीट, मग नकाशा, असा तो क्रम आहे.

आमचा नकाशा घेऊन मी एका कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी तो लक्षपूर्वक पाहिला, मुलांचे कौतुक केले. मग विचारले, “ही घरे गायरानात येतात ना? निळ्या रेषेच्याही आत दिसतात. असे करा, कुटुंबप्रमुखांची नावे घालून यादी द्या.” आवाजात दुष्टावा नव्हता. कदाचित हेतूही चांगलाच असेल. पण माझ्या हातातला कागद एकदम जड झाला.

त्याचे कारण सांगितले पाहिजे. गायरान हा आपल्या चळवळीचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसे हजारोंनी तुरुंगात गेली. पुढे १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. तरी असंख्य कुटुंबांच्या हाती कागद आला नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश राज्यांना दिला. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांसाठी अपवादाची वाट ठेवलेली आहे. आदेशाची आठवण कचेऱ्यांना राहते, अपवादाची राहत नाही. गावठाणातल्या घरांचे ड्रोनने मोजमाप करून मिळकत पत्रिका देण्याची केंद्राची स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली. ती गावठाणातल्या लोकवस्तीसाठी आहे. गायरानातले घर ड्रोनला दिसले तरी योजनेला दिसत नाही. अशा स्थितीत नावानिशी यादी देणे म्हणजे पुरापासून वाचवण्यासाठी नोटिशीच्या तोंडी देणे नव्हे काय?

मी यादी दिली नाही. नकाशा परत आणला आणि कपाटात ठेवला.

१ आणि २ सप्टेंबर २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. कयाधू भरली. त्या वस्तीत पाणी आले ते ओढ्याकडून, म्हातारीने सांगितले होते तसेच. माणसे वाचली, ती आपली आपण निघाल्यामुळे. धान्य भिजले, दोन शेळ्या गेल्या, पोरांची दप्तरे गेली. कोणत्या घरात न चालणारे माणूस आहे, कोणती वाट शेवटपर्यंत कोरडी राहते, हे सगळे ज्या कागदावर होते तो कागद माझ्या कपाटात कोरडा होता.

मी चुकलो की बरोबर होतो, याचे उत्तर मला अजून देता येत नाही. पण हा पेच एकट्या माझा नाही. नकाशात नसलो तर बुडतो आणि नकाशात आलो तर उठवले जातो, या दोन टोकांत आपला समाज उभा आहे.

६

हा पेच जगातल्या इतर गावकुसाबाहेरच्यांनीही भोगला आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे केले गेले आणि काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवून धोकादायक ठरवल्या गेल्या. लाल रंगात कर्ज नाही, म्हणून दुरुस्ती नाही, म्हणून वस्ती खरोखरच खालावत गेली. नकाशाने भाकीत केले आणि नकाशानेच ते खरे केले. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाल्यावर, जानेवारी २००६ मध्ये पुनर्रचनेचा एक नकाशा वर्तमानपत्रात छापून आला. त्यात सखल वस्त्यांवर मोठे हिरवे ठिपके होते; तिथे पुढे उद्याने करता येतील, असा त्यांचा अर्थ. त्यांतल्या अनेक वस्त्या काळ्या लोकांच्या होत्या. आपले घर हिरव्या ठिपक्याखाली गेल्याचे लोकांना सकाळच्या वर्तमानपत्रातून कळले. ते संतापले, संघटित झाले आणि ठिपके मागे घ्यावे लागले. दुसरीकडे, केनियातील नैरोबी शहरात किबेरा ही अफाट झोपडवस्ती नकाशांवर जवळजवळ कोरी होती. २००९ साली तिथल्याच तरुणांनी हातात यंत्रे घेऊन ती मोजली. स्वतःचा नकाशा स्वतः काढला की तो कोणाला दाखवायचा, यावरही आपला काही अधिकार राहतो.

या अनुभवांवरून मला जे म्हणायचे आहे ते स्पष्ट शब्दांत मांडतो. वस्तीचा आपत्ती-नकाशा वस्तीने काढला पाहिजे. आपल्यातल्या शिकलेल्या मुलांनी काढला पाहिजे आणि म्हाताऱ्यांच्या साक्षीने काढला पाहिजे. त्यात ओढा असला पाहिजे. त्याची एक प्रत वस्तीतच राहिली पाहिजे, समाजमंदिराच्या भिंतीवर, वीज आणि मोबाईल बंद पडले तरी वाचता येईल अशी. माझी चूक निदान इथे तरी निश्चित होती. साहेबांना यादी न देणे समजण्यासारखे आहे. वस्तीला तिचाच नकाशा न देणे अक्षम्य आहे. त्यानंतर आम्ही तो मोठ्या कागदावर काढून तिथे लावला आहे.

सरकारला नकाशा द्यायचा तर अटीवर द्यायचा. नकाशातली खूण आणि जागेचा पट्टा एकाच वेळी आले पाहिजेत. निळ्या रेषेच्या आत घर आहे म्हणून उठवायचे असेल, तर रेषेच्या बाहेर, गावाच्या उंच अंगाला आणि गावाला लागून जागा आधी दिली पाहिजे. आपत्तीसाठी घेतलेली माहिती अतिक्रमण हटवण्यासाठी वापरली जाणार नाही, हे लेखी बंधन पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्ह आहे. पण नाव बदलल्याने जमिनीची उंची बदलत नाही. महारवाड्याचे भीमनगर झाले तरी पाणी जुन्याच पत्त्यावर येते.

शेवटी पुन्हा नरसीकडे येतो. परंपरा सांगते की मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि राबणारे तिच्याखाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. ज्याला कुसाच्या आत राहू दिले नाही तो कूस बांधताना मेला. त्या ढिगाऱ्यात कोण कोण होते याची कोणाकडे यादी नव्हती. हाडे हाडांत मिसळली होती. तेव्हा नरसीचा नामदेव तिथे गेला. त्याने एकेक हाड कानाला लावले, ज्यातून विठ्ठलाचे नाव ऐकू आले ते चोखोबाचे म्हणून ओळखले आणि पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी केली. मी श्रद्धाळू नाही. हाडे बोलतात यावर माझा विश्वास नाही. या कथेत चोखोबाला जिवंतपणी दाराच्या आत घेतले गेले नाही आणि मेल्यावरही दाराबाहेरच ठेवले गेले, हेही मी विसरत नाही.

तरीसुद्धा त्या कथेतली एक गोष्ट मला सोडवत नाही. ढिगाऱ्यातला माणूस ओळखता आला, कारण ओळखणारा त्याला आधीपासून ओळखत होता. पण ती ओळख मेल्यानंतर उपयोगी पडली. आपल्याला ती मरणाच्या आधी पाहिजे. हाडे गोळा करणाऱ्या नामदेवाची आपल्याला गरज नाही. भिंत ओली आहे, तिच्याखाली आज अमुक इतकी माणसे राबत आहेत, त्यांची नावे ही, त्यांना बाहेर काढा, असे भिंत पडण्याच्या आदल्या दिवशी ओरडून सांगणारा माणूस पाहिजे. तो आपल्या वस्तीतून आला पाहिजे आणि त्याच्या हातात वस्तीने काढलेला नकाशा असला पाहिजे.